भिंतीपलीकडची बाग

ऑगस्ट संपत आला की मुलुंड पश्चिमेच्या कुठल्याही गच्चीवरून डोंगराकडे बघा, सगळं हिरवंगार. पाहुणे आले, गच्चीवर नेले, की हमखास म्हणतात काय मस्त जंगल आहे हो तुमच्या मागे, मुंबईत राहता असं वाटतच नाही. मी हो म्हणते. आता त्यांना चहा द्यायचा सोडून कुठे सांगत बसू की तो खालच्या उतारावर गडद पट्टा दिसतोय ना, ती सगळी घाणेरी, म्हणजे टणटणी, त्याच्या वरची बारीक पानांची झाडं म्हणजे सुबाभूळ, आणि आपल्या कंपाउंडच्या भिंतीला चिकटून जे पोपटी तजेलदार पसरलंय ते तर आपल्याच सोसायटीच्या बागेतून उडी मारून गेलंय. खरं जंगल त्याच्या मागे आहे, आहे अजून, पण ते ओळखायला डोळे लागतात आणि ते डोळे कुणालाच जन्मतः मिळत नाहीत. आपल्याला शाळेपासून एकच शिकवलंय, झाडं लावा. कुठली, कुठे, हे कुणी विचारलंच नाही.

तर मी काही वर्षं रविवारी सकाळी एका ग्रुपबरोबर हे तण काढायला जाते. ग्रुप म्हणजे काय, रिटायर्ड बँकवाले, दोनचार कॉलेजची मुलं, एक डेंटिस्ट, आणि मी. आधीच सांगते, हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे असं मनाला येईल तेव्हा जाऊन काहीही उपटता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा आहे, तण असो की काही असो, वनविभागाची परवानगी लागते आणि बरोबर त्यांचा माणूस लागतो. हे योग्यच आहे, कारण उत्साही माणसाच्या हातात कोयता दिला तर तो काय काय छाटेल याचा नेम नाही. तो किस्सा पुढे येतोच.

लोकांना वाटतं अवघड काम म्हणजे उपटणं. कंबर मोडते हे खरं, पण उपटणं त्या मानाने सोपं. अवघड आहे ते दिसणं. पावसाळ्यात समोर दोनशे प्रकारचं हिरवं असतं आणि त्यातलं नेमकं कुठलं पाहुणं ते हुडकायचं. त्यात ही पाहुणी मंडळी दिसायला एकापेक्षा एक देखणी, अहो देखणी आहेत म्हणूनच तर कुणीतरी बागेत आणली. घाणेरीचंच घ्या. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, तिथून युरोपात गेली, तिथल्या बागवाल्यांनी शेकडो रंगांच्या जाती तयार केल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आणली. कुंपणाला छान, गुरं खात नाहीत, बारा महिने फुलं. त्या गार्डनमधून निघालेली बाई आज कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोचलीय. म्हणजे आपण जिला रानटी समजतो ती मुळात रानातली नाहीच, बागेतली आहे.

जवळून बघा एकदा. खोड गोल नाही, चौकोनी, बोटांनी फिरवून बघा चार कडा लागतात, आणि त्या कडांवर उलटे वळलेले बारीक काटे, आत जाताना काही करत नाहीत, हात बाहेर काढताना धरतात. पानं समोरासमोर, खरखरीत, कडेला दातरे, चुरगळलं की तो उग्र वास, पेट्रोल आणि ओव्याच्या मधला कुठलातरी. फुलांचा गुच्छ मधे पिवळा आणि कडेला गुलाबी किंवा नारिंगी, कारण कडेची फुलं आधी उमललेली असतात आणि जुनं होता होता फूल रंग बदलतं. फळं हिरवी मग काळी चकचकीत. पिकलेली काळी लहानपणी आपण सगळ्यांनीच खाल्लीत, हिरवी मात्र विषारी. बुलबुल ती काळी फळं खातो, दुसऱ्या झाडावर जाऊन बसतो, आणि मागे बी टाकतो. म्हणून बघाल तर मोठ्या झाडांच्या बुंध्याशी, तारांच्या खाली, जिथे जिथे पक्षी बसतो तिथे घाणेरीचं नवीन रोप असतं. हा पॅटर्न एकदा डोक्यात बसला की मग रोप शोधायला फिरावं लागत नाही.

आता काढायचं कसं. कोयत्याने वरून सपासप छाटली की फोटो छान येतो, आधीचा आणि नंतरचा, पण दोन महिन्यांत त्या ठुंठाला एकाच्या जागी सात फांद्या फुटतात. मधे एका कंपनीची मंडळी बस भरून आली होती, सगळ्यांना एका रंगाचे टीशर्ट, केळी, समोसे, ड्रोनसुद्धा होता. दोन तासात त्यांनी इतकं छाटलं की बघून कौतुक वाटावं, आणि पुढच्या पावसाळ्यात तो उतार आधीपेक्षा दाट झाला. त्यांना कुणी सांगितलंच नाही की घाणेरीचा जीव वर नाही, जमिनीच्या जरासा खाली आहे, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तिथे. नवीन फुटवा त्या गाठीतून येतो. दिल्ली विद्यापीठाचे प्रोफेसर सी. आर. बाबू यांनी जी पद्धत रुजवली ती अगदी साधी आहे, झुडूप एका बाजूला वाकवायचं, कुदळीने बुंध्याभोवतीची माती मोकळी करायची, त्या गाठीच्या खाली दोनतीन बोटं मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून उलटं करून ठेवायचं, मुळं आकाशाकडे. मुळांना माती लागली नाही की ती वाळून जाते. खोल खणायचं नाही, नाहीतर उताराची माती पहिल्या सरीत खाली येते. काळी फळं असतील तर ती आधी तोडून गोणीत. बस. पावसाळ्यात माती मऊ असते तेव्हा हे पटकन होतं, एप्रिलमध्ये तेच काम करायला गेलं तर पहारीतून ठिणग्या उडतात.

आणि एवढं करून झालं का? छे. जागा मोकळी झाली, ऊन जमिनीला लागलं की पहिल्यांदा कोण उगवतं, तर घाणेरीचीच पोरं, मातीत वाट बघत पडलेली. त्यांच्या जोडीला रानमोडी, तेही बाहेरून आलेलं तणच. पुढच्या वर्षी परत, त्याच्या पुढच्या वर्षी परत. तीन पावसाळे एकाच तुकड्यावर चिकाटीने गेलात तर मग गवत, टाकळा, कुडा, कुठेकुठे कारवी डोकं वर काढते. म्हणून आमच्यात जो अनुभवी बँकवाला आहे तो नवीन तुकडा हातात घ्यायला कायम विरोध करतो. जुना तुकडा निस्तरा आधी, असं त्याचं ठरलेलं वाक्य. कॉलेजच्या मुलांना बोअर होतं, त्यांना नवीन जागा हवी असते, पण तो म्हातारा बरोबर आहे.

आता तो किस्सा. एका रविवारी नवीन आलेला एक मुलगा भराभर रोपं उपटत सुटला, घामाघूम, खूश, माझ्याकडे ओंजळभर घेऊन आला, बघा ताई किती काढली. बघितलं तर खोड चौकोनी, पान समोरासमोर, दातरी, खरखरीत, म्हणजे त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं सगळं जुळत होतं. पण काटे नव्हते आणि चुरगळल्यावर तो वासही नाही. कारवी होती. निम्मी कारवी आणि मधेच एक भारंगी. आता कारवी म्हणजे काय ते मुंबईकराला सांगायला हवं असं नाही पण तरी, आपल्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ ला फुलली, मग थेट २०२४ ला, आठ वर्षांनी एकदा, सगळा उतार जांभळा, मग बी धरते आणि मरते. त्या २०२४ च्या फुलोऱ्याचं बी पुढच्या पावसात रुजलं, आणि हा पठ्ठ्या नेमका ती पोरं उपटत होता. एवढीएवढीशी, चार पानांची. तो इतका कानकोंडा झाला की मला काही बोलवेना. आम्ही त्यातली मुळासकट निघालेली परत ओल्या मातीत खोचली, जगली असतील काही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, नवीन माणसाने पहिला दिवस फक्त एकाच जातीचं झाड काढायचं, एकाच, आणि प्रत्येक रोप उपटायच्या आधी पान चुरगळून नाकाशी धरायचं. नाक फसत नाही. डोळे फसतात.

भारंगीवरून आठवलं. पाड्यावरच्या एक मावशी पावसाळ्यात आमच्या मार्केटच्या कोपऱ्यावर रानभाज्या घेऊन बसतात, शेवळं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगीचा कोवळा पाला. मी त्यांना एकदा म्हटलं, मावशी यंदा शेवळं कमी का आणलीत. तर म्हणाल्या, "अगो ताई, जिथं मिळायची तिथं टणटणीने जागा धरली. आत शिरायला नको? हात कोण घालनार काट्यात?" मला वाटलं आता या आमच्या कामाचं कौतुक करतील, म्हणून मोठ्या हौसेने सांगितलं आम्ही तीच काढतो. त्यावर म्हणाल्या, काढा की, पण वाळलेली तिथेच ठेवा, आमच्या चुलीला तीच लागते. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आम्ही तिला शत्रू म्हणतो आणि तिच्यावर त्यांचा भात शिजतो. आता उलटी वाळत घातलेली झुडपं पूर्ण सुकली की वनविभागाच्या माणसाला विचारून पाड्याच्या वाटेला ठेवतो.

आणखी एक गोष्ट, जी उत्साहाच्या भरात विसरायला होते. सगळीच घाणेरी एकदम काढायची नसते. तिच्या जाळीत आता छोटे पक्षी घरटी करतात, ससा लपतो, बिबट्यासुद्धा दिवसा अशाच दाट झुडपात पडून राहतो. अख्खा उतार एका सीझनला भुंडा केला तर त्यांनी जायचं कुठे, आपल्या पार्किंगमध्ये? म्हणून पट्ट्यापट्ट्याने. एक पट्टा मोकळा, शेजारचा तसाच, मोकळ्यात आपली झुडपं वर आली की मग पुढचा.

फुलपाखरांच्या फोटोवाल्यांशी तर आमचं दरवर्षी भांडण ठरलेलं. त्यांचं म्हणणं, घाणेरीवर किती फुलपाखरं असतात, तुम्ही त्यांचं खाणं काढून घेता. बरोबर, असतात, मधासाठी येतात. पण फुलपाखरू मध कुठूनही पिईल हो, त्याच्या अळीला विचारा. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून, त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातली झाडं लागतात, माकडलिंबू वगैरे, आणि ती झाडं त्याच झुडपी थरात वाढतात जो थर घाणेरीने गिळलाय. नुसतं हॉटेल असून काय उपयोग, पोरांना वाढवायला घर नको? एका फोटोवाल्याने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला ठीक आहे पण त्या दगडाजवळची एक ठेवा. ठेवली. फळं धरली की तोच येऊन तोडतो. असंही चालतं.

कुणी म्हणेल परदेशी झाडांचा एवढा राग कशाला. राग नाहीये. मिरची, पेरू, चिकू, सीताफळ सगळी अमेरिकेकडची, गुलमोहर मादागास्करचा, चिंच आफ्रिकेची, देवळापुढचा चाफासुद्धा बाहेरचाच. शेकडो वर्षं आपल्यात आहेत, चाफा बिचारा जिथे लावला तिथे उभा असतो, डोंगरावर चाल करून जात नाही. प्रश्न कुठून आलं हा नाही, आल्यावर कसं वागतं हा आहे. इंटरनॅशनल युनियन फॉर कॉन्झर्वेशन ऑफ नेचर या संस्थेच्या तज्ज्ञांनी जगातल्या शंभर सगळ्यात उपद्रवी बाहेरच्या प्रजातींची यादी केलीय, त्यात घाणेरी आहे, रानमोडी आहे, सुबाभूळ आहे, तळ्यातली जलपर्णी आहे, आणि गंमत म्हणजे वेडेलिया आहे. ही वेडेलिया म्हणजे तीच जी आपल्या रोड डिव्हायडरवर, मेट्रोच्या खांबाखाली, सोसायटीच्या लॉनच्या कडेला हौसेने लावतात, पिवळी डेझीसारखी फुलं, चकचकीत पानं, पाणी नाही घातलं तरी जगते, आणि नर्सरीवाला म्हणतो मॅडम एकदा लावा आणि विसरा. विसरतो आपण. ती नाही विसरत. लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखी, आधी जरा सरका ना म्हणते आणि ठाण्यापर्यंत तुम्ही खिडकीच्या गजात असता.

तिचं गुपित पेरात आहे. जमिनीवर सरपटणाऱ्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, म्हणजे तुम्ही ती ओढून तुकडे केलेत तर प्रत्येक तुकडा हे नवीन झाड. आणि आपला माळी काय करतो, महिन्यातून एकदा कातरतो, घमेल्यात भरतो आणि भिंतीपलीकडे भिरकावतो. पलीकडे जंगलच तर आहे, झाडाचा कचरा जंगलात टाकला तर काय बिघडतं, खतच होईल, असं त्याचं म्हणणं, आणि कमिटीचंही. याच मार्गाने मनी प्लांट गेला, जो आपल्या खिडकीत बोटभर पान दाखवतो आणि तिकडे झाडावर चढला की ताटाएवढी पानं करतो. याच मार्गाने सिंगोनियम, याच मार्गाने ते तलवारीच्या पात्यासारखं स्नेक प्लांट. आमच्या भिंतीला लागून पलीकडे पंधरावीस फूट रुंद पट्टा आहे तिथे तुम्ही मुलुंडच्या कुठल्याही ड्रॉइंगरूमची यादी करू शकता. कुणी बाहेरून येऊन लावलेली नाहीत, आपल्या घमेल्यातून गेलीत. डोंगरभर घाणेरीच्या मागे धावण्यापेक्षा हा पंधरा फुटांचा पट्टा सांभाळला असता तर पुढच्या पन्नास वर्षांची पाठदुखी वाचली असती, असं मला फार वाटतं. नवीन आलेलं तण लहान असताना काढणं हेच खरं काम आहे, आणि त्याचे फोटो मात्र अजिबात चांगले येत नाहीत. एक गोणी, त्यात हिरवा चोथा.

बिया उधळणाऱ्यांचंही एकदा बोलून घेते. पावसाळी ट्रेकला जाताना खिशात बियांची पुडी, कॉसमॉसची, का तर घाट रंगीत दिसेल. पुण्याच्या टेकड्यांवर जाऊन बघा सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये, नारिंगी कॉसमॉसच कॉसमॉस, रील्सवाले लोळतायत त्यात, आणि त्याच्याखाली जो तेरडा, जे रानगवत असायचं ते कुठाय विचारायची सोय नाही. मेक्सिकोकडचं फूल आहे ते. पुण्यावरून आठवलं, गाजर गवत देशात पहिल्यांदा लक्षात आलं तेही पुण्यातच, १९५० च्या दशकात, आणि ते आवरायला १९८४ मध्ये मेक्सिकोहूनच एक भुंगेरा आणून सोडावा लागला. भुंगेरा खातो, गवत परत येतं, असं चाललंय. गाजर गवताला हात लावायचा तर मोजे घालाच, अंगाला खाज आणि कुणाकुणाला दमा उठतो, आमच्या डेंटिस्टबाईंचे हात आठवडाभर लाल होते.

रानमोडीचं टायमिंग मात्र कडक पाळावं लागतं. हिवाळ्यात पांढुरकी जांभळट फुलं येतात आणि मग बी कापसासारखं वाऱ्यावर सुटतं, एकदा सुटलं की संपलं, वर्षभराची मेहनत पवईपर्यंत उडत जाते. त्यामुळे दिवाळीच्या आधी तिला उपटायचंच. शिवाय ती वाळली की मार्चमध्ये डोंगराला लागणाऱ्या वणव्यांना तीच इंधन. वणव्यात आपली रोपं जळतात आणि ही मुळापासून परत फुटते.

वन्यजीव संरक्षण कायद्यातसुद्धा २०२२ च्या दुरुस्तीने अशा आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं यावर बंदी घालायचा अधिकार केंद्राला मिळालाय. छान आहे. पण वेडेलिया अजून कुठल्याही नर्सरीत मिळते, ट्रेच्या ट्रे.

त्यामुळे यंदा मी विषय थेट सोसायटीच्या जनरल बॉडीत काढला, पाण्याच्या टँकरच्या बिलानंतर आणि पार्किंगच्या भांडणाच्या आधी, म्हणजे लोक जागे असताना. मागण्या दोनच. छाटलेलं काहीही भिंतीपलीकडे जाणार नाही, आणि वेडेलिया काढायची. पहिली लगेच मान्य झाली कारण फुकट होती. दुसऱ्यावर सेक्रेटरी काका म्हणाले, मग त्या जागी लावायचं काय, उघडी माती ठेवली तर चिखल आत येतो. रास्त प्रश्न. मी कोरांटी, अबोली, अडुळसा अशी नावं सांगितली, कोरांटीला काटे आहेत मुलांना लागतील यावर दहा मिनिटं गेली, अबोलीवर बायका खूश झाल्या, आणि तळमजल्यावरच्या आजोबांनी अडुळशाला जोरदार पाठिंबा दिला कारण त्यांचा खोकला. माळीदादांना मी बाजूला घेऊन सांगितलं, वेडेलिया ओढून काढल्यावर एक तुकडाही मातीत राहायला नको, सगळी टेरेसवर ताडपत्रीवर पसरा, कडकडीत वाळू दे, मग कंपोस्टच्या खड्ड्यात. ते म्हणाले, "ताई, एवढं तर आम्ही तुळशीचंबी करत नाय."

अडलं ते गेटवरच्या आईस्क्रीमच्या वेलावर. तो गुलाबी फुलांचा, रेल्वेच्या भिंतीवर असतो तोच, हाही मेक्सिकोचा, आणि याची गोम जमिनीखाली, रताळ्यासारखे कंद असतात, वरून कितीही कापा तो खालून परत येतो. आमचा गेटवरचा वेल भिंतीवरून उतरून पलीकडच्या दोन हेदींवर, म्हणजे जंगलातल्या आपल्या झाडांवर चढलाय, एकीचा शेंडाच दिसत नाही. मी कंद खणून काढायचं म्हटलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्याच राहिल्या, गणपतीला त्याचीच फुलं असतात आमच्याकडे, आणि गेट भकास दिसेल ते वेगळंच. मत घेतलं. हरले. पलीकडच्या झाडांवरचा भाग काढायला हरकत नाही, भिंतीच्या आतला गणपतीपर्यंत ठेवायचा आणि विसर्जन झालं की बी धरायच्या आत छाटायचा असं ठरलं, मिनिट्समध्ये लिहून घेतलंय. हेदींवरचा आम्ही परवानगी काढून मागच्या रविवारी उतरवला, चार गोण्या निघाल्या, पलीकडच्या बाजूला दोन कंद हाताला लागले, नारळाएवढे. आतल्या वेलाला सध्या भरपूर कळ्या आहेत आणि काकू रोज सकाळी माझ्याकडे बघून हसतात.